दोन कडव्यांमधली शांतता

एक खोटे मी दहाएक वर्षे सांभाळले. गेल्या रविवारपर्यंत ते कुणालाही सांगितले नव्हते — बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगतो आहे, आणि पहिली अडचण ही, की ज्या कामापोटी ते खोटे बोललो त्या कामाचा मला अजूनही अभिमान वाटतो.

त्या अभिमानाचेच आधी सांगू द्या. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात दूध संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहीत असे. ते पोटासाठी, मनासाठी पेटी. आमच्या गल्लीच्या टोकाला सुदामतात्या राहत. पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरी, आणि भीमगीते गाणारा गळा असा, की चौकात कर्णा लावायची गरज पडू नये. त्यांना पेटीची साथ मी करायचो. त्या गळ्यामागे बसण्याचाही मला अभिमान होता. तो मात्र निर्मळ होता, असे अजून वाटते.

तात्यांची एकच कॅसेट होती. एका दुपारी घरीच, मांडीवर डफ घेऊन, एकट्याने गायलेली. पुढे काकू — तात्यांच्या पत्नी — अचानक गेल्या. त्यानंतर काही महिन्यांनी मी ती कॅसेट मागून घेतली. का? तात्यांसाठी? तसे मी सगळ्यांना सांगितले. खरे म्हणजे मला माझा प्रोग्रॅम चालवून पाहायचा होता.

जुन्या टेपमधली खरखर पुसणारा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला होता. कोल्हापुरात तेव्हा असे काही करणारा दुसरा कुणी मला तरी ठाऊक नव्हता. कल्पना साधी होती: ठरावीक पातळीहून हळू जे काही ऐकू येईल, तो कचरा समजायचा आणि पुसायचा. ती पातळी मी ठरवायची.

आणि त्या टेपवर कडवे संपून डफ थांबला, की त्या फटीत स्वयंपाकघरातून काकू बोलत.

“अवो, पुरं की आता! शेजारीपाजारी घरं सोडून जातील.” मग हसू. पुढच्या फटीत मुलीला हाक, “रजे, दूध उतू चाललंय की गं!”

हे मी ऐकले होते. इथेच मला थांबावेसे वाटते — कारण इथवर ही नजरचूक म्हणून खपली असती. पण मी हेडफोन लावून ते पुन्हा ऐकले, माझ्या स्वच्छ शांततेत त्या आवाजाचे डाग पडलेले मला खुपले, आणि मी पातळी वाढवली. काकू पुसल्या गेल्या. दोन कडव्यांमध्ये आता काहीच उरले नव्हते, आणि त्या काहीच नसण्यावर मी बेहद्द खूश झालो.

तात्यांकडे सीडी वाजवायची सोय नव्हती. त्यांना त्यांचीच कॅसेट नवी करून द्यावी, अशी हौस मला आली. कॅसेटच्या मागची प्लास्टिकची टोके त्या घरातल्या कुणीतरी मोडून ठेवली होती — चुकूनही तिच्यावर दुसरे काही भरले जाऊ नये म्हणून. मी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि साफ केलेले गाणे जुन्यावरच भरले. डिस्कवर जागा कमी, म्हणून मूळ आवाजाची फाइलही खोडली.

कॅसेट वाजली तेव्हा तात्यांच्या घरात गल्ली जमली होती. “आयला, रेडिओवानी झालंय की!” कुणी म्हणाले. कुणी पाठीवर थाप मारली. तात्यांची मुलगी रजनी, कॉलेजात जाणारी, टेपपाशी वाकून बसली होती. पहिले कडवे संपले. दुसरे संपले. तिने मान वर केली.

“काका, आई कुठं हाय ह्यात?”

त्या घरात माझ्या शब्दाला मान होता. मी कॉम्प्युटरवाला, शिकलेला. मी म्हणालो, “टेपला बुरशी धरली होती गं. दमट जागी ठेवलीस काय?”

तात्या गाणे ऐकायचे थांबले. “तुला सांगितलं हुतं न्हवं, ट्रंक भितीला लावू नगंस म्हणून!”

कॅसेट त्याच ट्रंकेत असायची. रजनीनेच ती भिंतीला लावली होती. मी चहा घेतला, आणि लोक विचारत होते म्हणून प्रोग्रॅम कसा चालतो तेही समजावून सांगितले.

पुढे त्या घरी मी वरचेवर गेलो. पेटी वाजवली, जेवलो, रजनीच्या लग्नात पुढे होऊन राबलो. सांगण्याची संधी मिळाली नाही, असे म्हणता येणार नाही.

गेल्या रविवारी गेलो तेव्हा रजनी माहेरी आलेली होती. तात्यांचा गळा आता थकला आहे. तिने त्यांच्यापुढे मोबाइल ठेवला आणि गायला सांगितले. तात्या कुरकुरले, “आता कशाला? बेडकावानी आवाज झालाय.” ती हसली. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, म्हणाली, “न्हाय ओ काका. आईचा आवाज माझ्या हातनं गेला. ह्यांचा तरी ऱ्हावा.”

दहा वर्षांपूर्वी मी तिला काय सांभाळायला दिले होते, ते मला तेव्हा कळले.

मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू झालेले होते. मी ते बंद करायला सांगितले नाही. म्हणालो, “रजनी, टेपला बुरशी नव्हती. ट्रंकेनं काही झालं नाही. काकूंचा आवाज चांगला होता, मी ऐकला होता. माझा प्रोग्रॅम नीट दिसावा म्हणून तो मी पुसला, आणि दोष तुझ्यावर घातला. तात्या, तुमच्यापुढं सांगतो — तिची काही चूक नव्हती. रजनी, मी तुझी माफी मागतो.”