सोफ्याला न शोभणारा गालिचा

रंगारीकाकांच्या बैठकीच्या खोलीत एक सोफा होता आणि तो काकांना दिसत नव्हता.

सोफा तसा लहान नव्हता. तिघांनी ऐसपैस बसावं आणि चौथ्याने हातावर टेकावं एवढा होता. पण त्याचा रंग बिस्किटी, मागची भिंत मलईच्या रंगाची, खालची फरशी त्याच वळणावर गेलेली. आणि काकांच्या डोळ्यांत गेली दोन वर्षं मधोमध धुकं बसलेलं. गडद काय आणि उजळ काय एवढं कळायचं. बाकी सगळे फिके रंग एकमेकांत कालवून गेलेले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते जपा." काकांनी हे कोणाला सांगितलं नाही. लेकीलासुद्धा "चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय" एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता यातली खरी गंमत, किंवा ज्याला हसू येत नाही त्याने दुःख म्हणावं, ती अशी की ही मलईची भिंत काकांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती. आयुष्यभर लोकांची घरं रंगवली. आणि लोक मागतात काय? शंभर शेडचं कार्ड मांडीवर घेतात, तासभर चाळतात, आपसात भांडतात आणि शेवटी म्हणतात, "काहीतरी साधंच द्या हो, क्रीममध्ये." मग उरलेले अर्धे-पाव डबे काका घरी आणायचे, एकात एक ओतायचे आणि आपल्या भिंतीला फासायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बायको होती तोवर म्हणायची, "जगाची घरं रंगवता आणि आपल्या घराला उरलंसुरलं." काका म्हणायचे, "पुढच्या वर्षी तुझ्या आवडीचा रंग देतो." ते पुढचं वर्ष काही आलं नाही, आणि आता तिला आवडणारा रंग कोणता होता हेही काकांना आठवत नव्हतं. ते त्यांना फार लागायचं.

सोफा लेकीने आणलेला. मोठ्या हौसेने. "बाबा, न्यूट्रल आहे. कशावरही जातो." कशावरही गेला खरा, इतका गेला की पार नाहीसाच झाला.

एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा घड्याळजी गप्पा मारायला आला होता. काकांनी त्याच्यासाठी चहा केला, आपला कप घेऊन आले, वळले, आणि जिथे सोफा असायला हवा तिथे बसले. सोफा तिथे नव्हता. चहा अंगावर, कप फरशीवर आणि काका दोन्हींच्या मध्ये. लागलं फारसं नाही. पण घड्याळजीच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी लेक दारात हजर.

"बाबा, आणखी एकदा पडलात ना, तर मी काही ऐकून घेणार नाही. सरळ माझ्याकडे राहायला यायचं. खोली रिकामीच आहे."

हे तिने इतक्या मायेने म्हटलं की काकांची पंचाईत झाली. वाईट वागणाऱ्या लेकीशी भांडता तरी येतं. तिच्या घरी ते राहून आले होते. उंचावरचं घर, सगळं पांढरंशुभ्र, दारं भिंतीत मिसळलेली. तिथे काका दिवसभर एका खुर्चीत बसायचे आणि मोरीकडे जायचं झालं तरी कोणाची तरी वाट बघायचे. इथे आपल्या घरात त्यांच्या हाताला प्रत्येक कडी ठाऊक होती. इथून जायचं म्हणजे त्या खुर्चीत जाऊन बसायचं, कायमचं. काकांनी मनाशी ठरवलं, जायचं नाही.

निघताना लेक म्हणाली, "सोफ्यापुढे एक गालिचा टाकू. पडलात तरी लागायचं नाही. मी सोफ्याला मॅचिंग बघते, बेज किंवा ऑफ-व्हाइट."

आणखी एक क्रीम!

"गालिचा मी आणतो," ते घाईने म्हणाले. "रंग बघणं हे तुझं काम आहे की माझं?"

"बरं बाई, आणा तुम्ही," ती हसली. "मी रविवारी येते बघायला."

म्हणजे घोडामैदान जवळच होतं.

दुसऱ्या दिवशी काका घड्याळजीला घेऊन गालिच्यांच्या दुकानात गेले. चहाडी केल्याची शिक्षा म्हणून ओझं त्यानेच उचलायचं होतं. दुकानातली बाई गोड बोलणारी होती. "सोफा कोणत्या रंगाचा आहे, काका?"

"न दिसणारा."

बाई हसली. तिला वाटलं, म्हातारा मजेशीर दिसतोय. तिने एकामागून एक गालिचे उलगडले. वाळूचा रंग, राखेचा रंग, ओल्या वाळूचा, कोरड्या राखेचा. "सोफ्यापेक्षा एकच शेड गडद घ्या, म्हणजे खोली मोठी वाटते," तिने सांगितलं. काकांना त्यातलं काही दिसत नव्हतं. खोली आहे तेवढीच त्यांना पुरे होती.

"तुमच्याकडचा सगळ्यात गडद काढा," ते म्हणाले.

बाईने काळसर निळा काढला. घड्याळजी ओरडलाच, "अरे, बैठकीची खोली आहे की कोळशाची वखार?"

"तू फक्त उचल."

रंगाच्या बाबतीत काका कोणाचं ऐकत नसत. डोळे गेले तरी ती खोड गेली नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. गालिचा घरी आला, सोफ्यापुढे अंथरला आणि घड्याळजी धापा टाकत खाली गेला. काकांनी समाधानाने एक पाऊल पुढे टाकलं आणि तसंच मागे घेतलं.

समोर विहीर होती.

गालिचा आहे हे त्यांना माहीत होतं. मघाशी त्यांनीच त्याच्या कडा सरळ केल्या होत्या. पण डोळ्यांना दिसत होता तो फरशीला पडलेला मोठा काळा खड्डा. त्यांनी झाडूच्या दांड्याने टोचून पाहिलं. मऊ लागलं. डोक्याला पटलं, पायाला पटेना. पाय काठावर जाऊन थांबायचा. आगीतून निघून फुफाट्यात पडले होते काका, तेही स्वतः निवडलेल्या फुफाट्यात. त्या दिवशी ते भिंतीला धरून, गालिच्याला वळसा घालून सोफ्यापर्यंत पोचत राहिले.

संध्याकाळी घड्याळजी पुन्हा वर आला आणि त्याने हे बघितलं. "रंगारी, गालिचा पाय ठेवायला आणलास की प्रदक्षिणा घालायला?"

काकांनी आधी झटकून टाकलं, मग चिडले, मग एकदम थकून दाराशीच स्टुलावर बसले. "मला तिथे विहीर दिसते रे. आणि सोफा मुळीच दिसत नाही. सहा महिने झाले, मी तुझं तोंडही नीट बघितलेलं नाही."

घड्याळजी त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर टेकला. मग तो हळूच म्हणाला, "पोरीला सांग."

"सांगितलं की संपलं. आणि तूही सांगायचं नाहीस. या वेळी खरंच नाही."

"नाही सांगत," तो म्हणाला, आणि त्याने पाळलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीसारखे चहा घेऊन मागच्या गॅलरीत उभे होते, एक हात कठड्यावर. रविवार उद्यावर आलेला. आता काय करावं याचा विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं की कठड्याशी यायला आपण चाचपडत नाही. सरळ येतो, हात ठेवतो. रोज. कसं काय? त्यांनी मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने पाहिलं. मलईच्या पसाऱ्यात ही एकच वस्तू होती जी विरघळतही नव्हती आणि खड्डाही पाडत नव्हती.

मग त्यांना आठवलं. कठडा गंजला होता, तेव्हा त्यांनी तो खरवडून त्याला रेड ऑक्साइड मारलं होतं. मातकट, विटेसारखा लाल अस्तराचा रंग. लोखंडाला आधी हा द्यायचा आणि मग वरून गिऱ्हाइकाचा खरा रंग. तो वर कोणी ठेवत नाही. आयुष्यभर काकांनी तो शेकडो कठड्यांना आणि खिडक्यांना लावला आणि तितक्याच वेळा झाकला. स्वतःच्या कठड्यावर मात्र वरचा हात द्यायचा राहूनच गेला. बायको त्यावरूनही बोलायची, "पाहुण्यांना काय वाटेल?" काका कठड्यावर हात फिरवत मोठ्याने म्हणाले, "बरं झालं, आळस केला."

माळ्यावर त्याच रंगाचा जुना डबा होता. त्याचं झाकण, वर थर सुकलेलं, त्यांनी पिशवीत घातलं, विहिरीची गुंडाळी घड्याळजीच्या खांद्यावर दिली आणि दोघे पुन्हा दुकानात गेले.

"हा रंग," काकांनी झाकण बाईसमोर धरलं.

बाईने झाकण पाहिलं, काकांकडे पाहिलं. "सोफ्याला अजिबात शोभणार नाही हो, काका."

"हेच तर हवंय. बदलून द्याल ना?"

बदलून देईन म्हणाली. मग काकांनी तिला कामाला लावलं. एकेक गालिचा जमिनीवर टाकायचा आणि बाजूला व्हायचं. काका लांबून चालत यायचे आणि पाऊल टाकायचे. डोळ्यांना विचारायचंच नाही, पायाला विचारायचं. किरमिजी गालिच्याशी पाय अडखळला, त्यात थोडी विहीर होती. नारिंगी त्यांना सापडलाच नाही, त्यावरून ते तसेच पुढे निघून गेले. बाईला आता काय चाललंय ते समजलं असावं, कारण तिने बडबड थांबवली आणि आतून एक साधा, बिननक्षीचा, विटेच्या रंगाचा गालिचा आणला. काका चालत आले आणि थांबले ते बरोबर गालिच्याच्या मध्यावर. पायाने हू की चू केलं नाही.

"याच्याखाली रबर लावून द्या, सरकायला नको," काका म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी सुतळी ताणून गालिचा लावला, भिंतीवर पट्टा मारताना ताणायचे तशी. लाल संपेल तिथे सोफा सुरू झाला पाहिजे. घड्याळजी गुडघ्यांवर बसून सरकवत होता आणि काका म्हणत होते, "आणखी इंचभर. आणखी थोडा. बस्स!" मग संध्याकाळभर ते स्वयंपाकघरातून सोफ्यापर्यंत जात-येत राहिले. आधी रिकाम्या हाताने, मग पाण्याचा पेला घेऊन, मग काठोकाठ भरलेला.

रविवारी लेक आली. दारातच थबकली.

"बाबा! हे काय आणलंत? सोफा कुठे, गालिचा कुठे!"

"बरोबर. आता तेच कळतं मला."

"विनोद नकोय. किती भडक दिसतंय! मी बदलून आणते." ती वाकून गालिच्याचं टोक उचलायला लागली.

"ठेव तो खाली," काका म्हणाले. ती शाळेत असताना ओल्या भिंतीला हात लावायची, तेव्हा लागायचा तोच आवाज.

तिने टोक सोडलं. काहीतरी तिच्या ध्यानात येत होतं. मग तिने विचारलं, "बाबा, मी आज कोणत्या रंगाचे कपडे घातलेत?"

काका खोटं बोलू शकले असते. अंदाजाने काहीही सांगून त्यांनी वेळ मारून नेली असती. पण त्यांना त्या लपवाछपवीचाच कंटाळा आला होता.

"मला नाही माहीत, पोरी. दारात उभी होतीस तेव्हा नुसता आवाज आला, तू दिसलीच नाहीस. आता गालिच्यावर आलीस, तर पाय दिसतायत. कुठे उभी आहेस ते कळतंय."

तिने पांढरे कपडे घातले होते. ती मटकन सोफ्यावर बसली. "कधीपासून?"

"सोफा आणलास त्याच्या आधीपासून."

"मग तेव्हाच का नाही बोललात? मी कशाला हा असला..."

"किती हौसेने आणला होतास तू."

ती रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "मग तर तुम्हाला इथे एकटं ठेवणं शक्यच नाही. आजच चला."

काका स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा आवाज झाला. मग ते दोन हातांत दोन कप घेऊन बाहेर आले. लेक उठायला लागली, त्यांनी मानेनेच बस म्हटलं. लालाच्या कडेशी आले, लालावरून चालत गेले, लाल संपलं तिथे वळले आणि बसले. सोफ्यावर, तिच्या शेजारी. बशीत थेंबही सांडला नव्हता.

"घे. आता खरं सांग, तुझ्या घरी मला हे जमेल?"

ती कपाकडे बघत राहिली. आपलं पांढरं घर तिच्या डोळ्यांपुढे आलं असावं. तिथली ती खुर्चीही. तिने चहा संपवला. मग उठली आणि घरभर फिरू लागली, डोळे अगदी बारीक करून. गॅलरीतल्या लाल कठड्यावर तिची नजर थांबली. स्वयंपाकघराच्या दारापाशी एक पायरी होती, मलईचीच. तिथे ती अडखळली.

"या पायरीचं काय करता?"

"पाठ आहे."

"आणि पाठ चुकली तर?"

काकांनी रिकामा कप बशीत फिरवला.

"तो डबा अजून आहे का?" तिने विचारलं. "कठड्याचा?"

थोड्या वेळाने ती पायरीशी मांडी घालून बसली होती, पांढऱ्या कपड्यांनिशी, आणि काका मागे स्टुलावर बसून ओरडत होते, "ब्रश दाबू नकोस! एकाच दिशेने ओढ! रंगाऱ्याची लेक ना तू?" ती नाक ओढत, हसत, कडेला सरळ लाल पट्टा मारत होती. बाह्यांवर, गुडघ्यांवर सगळीकडे रंग उडाला होता, आणि त्या डागांमुळे काकांना ती आता तिथेही दिसत होती.

पट्टा पुरा झाला. तिने ब्रश डब्याच्या काठावर निथळवला आणि लहानपणी त्यांच्याबरोबर कामावर जायची तेव्हा विचारायची तेच सवयीने विचारलं, "बाबा, सुकल्यावर याच्यावरून कोणता रंग द्यायचा?"

"कोणताच नाही," काका म्हणाले. "हाच राहू दे."