घेण्यास नकार

"खाली ठेव," अध्यक्ष म्हणाले.

मी अर्ज त्यांच्या हातात द्यायला गेले होते. त्यांनी हात मागे घेतला. मी कागद ओट्यावर ठेवला. तो उडू नये म्हणून त्यांनी चपलेसकट पाय त्यावर ठेवला. अन् चहा पीत राहिले.

तामसीकडचं गाव आमचं. तिथल्या शाळेत मी पोरांचा स्वयंपाक करायची. सात वर्षं भात रांधला. मग बड्या घरांना माझी जात आठवली. शाळा समितीच्या या अध्यक्षांनी तोंडीच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. मला परत कामावर घ्या, एवढंच त्या अर्जात होतं.

पंधरा दिवसांनी विचारायला गेले.

"कोनता अर्ज? पोच हाय तुह्याजवळ?"

"तुमी देल्लीच नाही," मी म्हटलं.

"तुही पोच काय, अन् पोच मागून राह्यली."

ओट्यावरचे चारजण हसले. मला राग यायला हवा होता. आला नाही. घरी आले, भांडी घासली, भाकरी टाकल्या. जेवले की नाही, ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बसनं आदिलाबादला गेले. तोच अर्ज पुन्हा लिहून अध्यक्षांच्या नावानं रजिस्ट्री केली, पोचपावतीसकट. पोस्टाच्या खिडकीतल्या बाईनं लिफाफा माझ्या हातातून घेतला. सरळ हातातून.

आठवड्यानं गावचे म्हातारे पोस्टमन दारात आले. हातात माझाच लिफाफा.

"घेत नाही म्हनते तो."

संपलं, असं वाटलं. मी लिफाफा फाडायला लागले.

"फोडू नको, बाई. हे पाह्य." लिफाफ्यावर त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं, घेण्यास नकार. खाली तारीख, सही. "त्यानं नाकारलं, तरी कोर्टात पोचलंच धरतेत."

मी त्या दोन ओळी बघत बसले. आईला विहिरीवरून हाकललं ते तोंडी. मला चुलीपासून उठवलं तेही तोंडी. कधी तारीख नाही, कोणाची सही नाही. आम्हाला दिलेला नकार कागदावर आला तो पहिल्यांदाच.

लिफाफा बंदच आहे. उद्या तो घेऊन कलेक्टर कचेरीत जाते. त्याच चुलीवर मी परत उभी राहणार. ज्याला माझ्या हातचं चालत नाही, त्यानं तोंडानं सांगायचं नाही. लिहून द्यायचं. खाली सही करायची.