हेडबाईंचं चौथं स्वागत

माळ्यावर फुटकी भांडी साठावीत तसे आमच्या बोर्डिंगात किस्से साठलेत. टाकवत नाहीत आणि वापरता येत नाहीत. त्याला कारण आमच्या हेडबाई. सांगलीच्या या मुलींच्या बोर्डिंगात तीन वर्षांत चार हेडबाई आल्या आणि चौघींचं वाजतगाजत स्वागत झालं. बाई टिकत नव्हत्या. स्वागत मात्र टिकाऊ होतं.

मी सगळी स्वागतं पाहिलीत. पहिली दोन रांगेत उभं राहून, पुढची दोन स्वयंपाकघराच्या दारातून. माझी आई इथे स्वयंपाक करते आणि आता मीही तिच्या शेजारी भाकऱ्या थापते. शाळा का सोडली ते सांगतेच.

*

आमच्याकडे एक नियम आहे. स्वागत झाल्याशिवाय नव्या बाईंनी खुर्चीवर बसायचं नाही आणि कागदावर सही करायची नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही. तो सेक्रेटरी तात्या वकिलांच्या डोक्यात आहे, आणि त्या डोक्यात दुसरं फारसं काही नसल्यामुळे तो तिथे ऐसपैस राहतो.

स्वागत करायचं अध्यक्षांनी, म्हणजे दादासाहेबांनी. पन्नास एकर ऊस, दोन मोटारी आणि शिक्षण मराठी चौथी. ते रिकामे असतील तो मुहूर्त.

गेल्या साली तिसऱ्या बाई आल्या तेव्हा दादासाहेब पुतणीच्या लग्नाला गेलेले. परत आले तर त्यांची दाढ दुखायला लागली. बाई सतरा दिवस व्हरांड्यातल्या बाकावर बसून होत्या. तेवढ्यात मॅट्रिकचे फॉर्म मुंबईला पाठवायची मुदत संपली. फॉर्मवर हेडबाईंची सही लागते, आणि बाईंचं अजून स्वागत झालेलं नव्हतं. आम्हा चौघींचं वर्ष गेलं.

तात्या आम्हाला समजावायला आले. म्हणाले, "मुलीच्या जातीला एका वर्षानं काय होतंय? वय तेवढं वाढतं."

मी त्याच दिवशी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. पुन्हा वर्षभर वर्गातल्या त्याच बाकावर बसायला मी काही गुन्हा केला नव्हता. आई रडली. तात्यांनी तिला सांगितलं, पोरगी तापट आहे, लवकर उजवा.

*

स्वागतगीत तात्यांनीच रचलेलं आहे. चारही बाईंना तेच. नावाच्या जागी नाव घालायचं, बाकी दिवे, फुलं, सरस्वती जिथल्या तिथे. निरोपालाही तेच गीत, फक्त 'आल्या'च्या जागी 'चालल्या' म्हणायचं. दुसऱ्या बाईंच्या निरोपाला धाकट्या मुली सवयीनं 'आल्या, आल्या' असंच म्हणत राहिल्या. बाई घाबरून गाडीची वेळ विचारायला लागल्या.

मानपत्राची गंमत आणखी वेगळी. ते चौकटीत घालून देतात, फोटो काढतात आणि "इथेच सुरक्षित राहील" म्हणून परत घेतात. पुढच्या बाईंच्या वेळी जुन्या नावावर नव्या नावाची चिठ्ठी डकवतात. उजेडात धरलं की खालची सगळी नावं दिसतात. चौथ्या बाई येणार म्हणून खळ मीच शिजवली होती.

*

या खेपेला खरी टांगणीला लागली होती तारा. कोरेगावकडची, बापाचा ऊस, भाऊ पलटणीत. अकरा जणींचे फॉर्म जायचे होते, त्यात तिचा एक. वर्गात पहिली आणि बोलायला शेवटची.

तिचे वडील दिवाळीनंतर येऊन व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगून गेले, "औंदा परीक्षेला बसलीस तर बस. न्हाईतर गुऱ्हाळ आटपलं की बार उडवायचा. पावनं बगून ठेवल्यात." पाहुणेही पलटणीतलेच. रजा मिळाली की येणार होते.

मुदतीच्या आतलं शेवटचं टपाल होतं एका बुधवारी, पाच वाजता. चौथ्या बाईंचं स्वागत तात्यांनी ठेवलं त्याच बुधवारी, तीन वाजता. मी जाऊन विचारलं, फॉर्मवर सही कधी होणार. तात्या म्हणाले, आधी स्वागत, मग भाषणं, मग चहा, मग चार्ज, मग सही. दादासाहेबांचं भाषण कधी दीड तासाच्या आत संपलेलं नाही हे त्यांनाही माहीत होतं.

फॉर्म कपाटात होते आणि कपाटाची किल्ली तात्यांच्या जानव्याला.

*

बुधवारी दुपारी कमिटी बॅंड घेऊन सांगली स्टेशनावर गेली. बॅंडातले निम्मे लोक लढाईवर गेलेले. उरला एक ढोल आणि एक पिपाणी. गाडी आली. पहिल्या वर्गातून हळदीचे एक अडते उतरले. ढोलवाल्याला सांगून ठेवलं होतं, उतरलं की वाजव. त्यानं वाजवलं.

बाई उतरल्याच नाहीत. त्या आधीच्या स्टेशनावर, विश्रामबागला उतरल्या होत्या, बोर्डिंग तिथून जवळ म्हणून. हे आधीच्या तिघींपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. टांग्यात ट्रंक टाकून त्या थेट मागच्या दारी आल्या. पन्नाशीच्या, साताऱ्याच्या, पायांत पुरुषी वहाणा. आईकडे चहा मागितला आणि पाटावर बसल्या.

आईनं आधण ठेवलं. मी तोंड उघडलं. माझं वर्ष, तारा, टपाल, किल्ली, सगळं एका दमात सांगून टाकलं. बाईंनी चहा संपवला आणि एवढंच विचारलं, "अध्यक्ष बोलतात किती वेळ?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पुरे."

*

तेवढ्यात तात्या धापा टाकत आले. बाई चुलीपाशी बसलेल्या पाहून त्यांचा चेहरा सुतकी झाला. स्वागताआधी बाई आत शिरल्याच कशा? आता स्टेशनावर दादासाहेब हार घेऊन उभे, त्यांना सांगायचं काय?

मग तात्यांनी तोड काढली. आलेल्या बाईंना पुन्हा टांग्यात घालून सांगली स्टेशनावर न्यायचं आणि तिथून वाजत आणायचं.

मला वाटलं बाई चिडतील. त्या वहाणा घालून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "येते. पण भाषणात शाळेविषयी चार शब्द बोलायला हवेत. मुलींचे काय कागद असतील ते द्या, वाटेत वाचते."

तात्या खुलले. सदऱ्यात हात घालून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि अख्खी फाइल त्यांच्या हातात दिली. देताना बजावलं, "वाचायला हरकत नाही. सही मात्र..."

"सही कशी करीन? अजून माझं स्वागत कुठे झालंय?"

तात्या आईला म्हणाले, बाई मोठ्या मर्यादशील दिसतात.

*

सभा सुरू झाली साडेतीनला. गीत झालं, मानपत्र देऊन परत घेतलं, हार गळ्यात पडला. स्वागत झालं. तारा पहिल्या रांगेत खाली मान घालून बसलेली. दादासाहेब उठले. विषय नेहमीचाच, स्त्रियांनी किती शिकावं. त्यांच्या मते फार नाही.

बाईंनी हार मागे सारला, मांडीवर फाइल उघडली आणि टाकासाठी इकडेतिकडे पाहिलं. तात्यांनी लगबगीनं आपलं फाउंटन पेन काढून दिलं आणि वाकून दादासाहेबांच्या कानात कुजबुजले.

दादासाहेब थांबले. बाईंकडे पाहिलं. आजवर त्यांचं भाषण कुणी टिपून घेतलं नव्हतं.

"सावकाश लिवा बाई," ते म्हणाले. "मी दमानं बोलतो."

आणि खरंच दमानं बोलले. बाईंनी पान उलटलं की ते थांबायचे. पेन खाली टेकलं की पुढचं वाक्य. त्यांची अकरा वाक्यं होईपर्यंत साडेचार वाजले. ताराची मान कधी वर झाली ते मला कळलं नाही, पण झाली होती.

मी चहाचा ट्रे घेऊन स्टेजवर गेले. कप ठेवले, ट्रेवर फाइल घेतली आणि मागच्या दारानं बाहेर पडले. चहा नेणाऱ्या पोरीला आमच्याकडे कुणी अडवत नाही. पुढे टपाल कचेरीपर्यंत पळाले.

परत येऊन दारातूनच बाईंना मान डोलावली तेव्हा भाषण नुकतंच संपलं होतं. दादासाहेब घाम पुसत बाईंना विचारत होते, "सगळं उतरलं न्हवं कागदावर? कुटं हाय ते?"

"टपालात टाकलं," बाई म्हणाल्या.

"लगीच? कुटं धाडलं?"

"मुंबईला."

दादासाहेबांनी फेटा सारखा केला, तात्यांकडे एकदा पाहिलं आणि आणखी थोडं बोलायला पुन्हा उभे राहिले.