पाठमोरे मास्तर

आमचे मास्तर गाणं बसवायचे ते आमच्याकडे पाठ करून. समूहगान शिकवणारा माणूस एरवी समोर उभा राहतो, हातवारे करतो, डोळे वटारतो. मास्तर मात्र भिंतीकडे तोंड आणि हात मागे बांधलेले, असे उभे. कुणी सुराबाहेर गेली की त्या मागे बांधलेल्या हाताचं एक बोट नेमकं तिच्याच दिशेला वळायचं. "माणसाचा तोंड बघितला का माला दया येते," ते म्हणायचे, "आन दया आली का कान बंद."

मास्तर समुद्राकडच्या डोंगरी गावचे. तिथल्या चर्चचा कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, त्यांनी उभा जन्म सांभाळलेला. जेसल पार्कच्या आमच्या सोसायटीत त्यांची लेक फिलोमिना राहते. तिच्याकडे ते बस पकडून यायचे, पिशवीत हमखास सुके बोंबील, आणि येताना जिन्यात दम खात थांबायचे. तळमजल्याच्या हॉलमध्ये आमचं बायकांचं भजनी मंडळ चालायचं. एकदा दम खाता खाता त्यांनी आमचं अख्खं भजन ऐकलं आणि दारात येऊन विचारलं, "तुमी सगल्या एकच चाल कशाला म्हनता? बाकीच्या चाली कोनासाठी ठेवल्यात?"

कदमकाकू आमच्या पुढारी. रत्नागिरीच्या. त्यांना टाळांशिवाय दुसऱ्या कुणी आवाज केलेला खपत नाही. "आमच्या देवाला एकच चाल कळते हो," त्या फणकारल्या.

"त्याला सगल्या कळतात," मास्तर शांतपणे म्हणाले. "आपल्यालाच कळत न्हाय."

काकू चक्क हसल्या. पुढच्या आठवड्यापासून मास्तर आमचे झाले.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझा आवाज जाडा आहे. जाडा म्हणजे फोनवर सामान पोचवणारी मुलं मला "भैया, नीचे आ जाओ" म्हणतात इतका. शाळेत प्रार्थनेला बाईंनी बजावलं होतं, "तू नुसते ओठ हलव." ते मी इमानाने पुढे चालवलं. लग्नानंतर सासरच्या गणपतीत आरतीला ओठ हलवले, मंडळात आल्यावर भजनाला ओठ हलवले. माझं खरं काम चहाचं. गाता येत नाही याचं दुःख होतं का? होतं. पण चहा चांगला करायचे, त्यावर भागवलं होतं.

तर मास्तरांच्या पहिल्याच तालमीत मी ट्रे घेऊन विचारलं, "बिनसाखरेचा कुणाला?" मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. तसेच उभे राहून म्हणाले, "दादा, तुमी का न्हाय गात?" हॉलभर हशा पिकला. मास्तर वळले, माझ्याकडे बघितलं, पण हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून ट्रे काढून घेतला आणि कदमकाकूंच्या हातात दिला. "चहा कोनीपन वाटंल. बाय, तू हितं उभी रा. हा आवाज मी किती दिवस शोधतंय." त्या रात्री स्वयंपाक करताना मी मोठ्याने गायले. नवरा बाहेरून ओरडला, "कोण आलंय?"

मास्तरांनी आमच्यासाठी स्वतः एक सांजगीत रचलं होतं. 'मिठागरावर ऊन निजलं, होड्या आल्या घरी. दिवसभर तू सांभाळलंस, देवा, रातही सांभाळ सारी.' शब्द साधे. पण वरच्या आवाजांची चाल वेगळी, मधल्यांची वेगळी, आणि तळाशी मी आणि आणखी दोघी. आम्हा तळाच्या तिघींचा घोळ असा, की जन्मभर आरत्या कानात बसलेल्या. चार ओळी आपलं आपलं गायलो की पाय घसरल्यासारख्या वरच्या चालीत जायचो. मास्तरांनी मग आम्हाला हॉलबाहेर जिन्यात उभं केलं आणि दार लोटून घेतलं. येणारे-जाणारे विचारायचे, "क्या हुआ, पनिशमेंट?" पण जिन्यात आमची चाल पक्की झाली. मास्तरांचा एकच नियम होता: "शेजारनीचा आवाज आला पायजे. आपलाच येतो म्हंजे आपन वरडतंय."

त्रिपुरी पौर्णिमेला चौपाटीवर, खाडीकाठी, दिवे लावून गायचं ठरलं. मास्तर म्हणाले, देवाचं गाणं आहे, दिवा कुणाच्या नावाचा ते त्याला विचारू नका. आम्ही गाऊ लागलो. सूर्य नुकता बुडालेला, समोर अख्खी सोसायटी. पहिलं कडवं असं लागलं की माझ्या अंगावर काटा आला. आणि मग जे आपल्या लोकांकडून व्हायचं तेच झालं. लोकांनी देवाचं नाव ऐकलं आणि टाळ्या धरल्या. आरतीच्या टाळ्या! आरती शेवटाकडे जाताना कशी पळते ते तुम्हाला माहीत आहे. टाळ्या पळाल्या, वरचे आवाज टाळ्यांमागे पळाले, मधले त्यांच्यामागे. कदमकाकूंनी तर पिशवीतून टाळ काढले. माझ्या बाजूच्या दोघीही गेल्या. संथ चालीत उरले मी एकटी.

आता ओठ हलवावेत, असं मनात आलं. खरंच आलं. इतक्या लोकांसमोर एकटीचा तो जाडा आवाज. तेवढ्यात माझी नजर मास्तरांच्या पाठीवर गेली. मागच्या हाताचं बोट कुणाकडेही वळलं नव्हतं. त्यांनी मूठ मिटली होती, घट्ट. धर.

मी धरलं. शेजारणीचा आवाज येत नव्हता, तरी धरलं. दुसरा हात मास्तरांनी लोकांसमोर उचलला, लेकरू निजलंय म्हणून सांगावं तसा. त्यांचं तोंड लोकांकडे होतं, ते असं उपयोगी पडलं. टाळ्या विरल्या. बाजूच्या दोघी परत आल्या, मग मधल्या, मग वरच्या, आणि सगळ्यात शेवटी, टाळ पिशवीत टाकून, कदमकाकू. शेवटची ओळ आम्ही सगळ्यांनी मिळून खाडीवर सोडली. मास्तरांनी शाबासकी दिली नाही. फक्त म्हणाले, "आज चहा कोन करनार?" काकूंनी केला.

पुढे मास्तरांचे गुडघे गेले आणि त्यांचं बसने येणं सुटलं. त्यांची वाट बघत दोन-तीन महिने आम्ही आपल्याच भरवशावर तालमी केल्या. मग कदमकाकू म्हणाल्या, "ते येत नाहीत तर आपण जाऊ. गाणं काय या हॉलमध्येच राहतं?" आम्ही सगळ्या फिलोमिनाला घेऊन डोंगरीला गेलो, संध्याकाळच्या बसने.

मास्तर ओट्यावर खुर्चीत बसले होते, फार वाळलेले. आम्हाला बघून त्यांनी फिलोमिनाला खूण केली, तिने खुर्ची फिरवली आणि त्यांची पाठ आमच्याकडे झाली. आम्ही सांजगीत सुरू केलं. बोट एकदा मधल्या आवाजांकडे वळलं, काकू एकदा दचकल्या, सगळं पूर्वीसारखं. दुसऱ्या कडव्याला मास्तर काठी टेकून उठले. फिलोमिना धावली, तिला त्यांनी थांबवलं. स्वतः खुर्ची फिरवली आणि आमच्यासमोर बसले.

कदमकाकू गाता गाता थांबल्या. "मास्तर, तोंड इकडे? दया येईल ना!"

"येऊंदे," मास्तर म्हणाले. "कान भरला आता. आता तुमाला बघतंय."

ते एकेकीकडे बघत गेले. माझ्यापर्यंत आले तेव्हा माझा सूर हलला. त्यांना तो ऐकू आला असणारच. त्यांनी मांडीवरचा हात उचलला आणि माझ्याकडे बघत, हसत, मूठ मिटली.

मी धरलं.