फ तुकडीच्या खुर्च्या

"फ तुकडी, खुर्च्या!"

अ तुकडीचा प्रसाद माइकवरून ओरडला आणि अमेरिकेतल्या एडिसन गावचा तो अख्खा हॉल हसला. मीही हसलो. वंदना एकटीच उठली. रुमालाला हात पुसून खुर्च्या मिटायला लागली. तिला वाटलं, मागोमाग सगळे उठतील. कुणी उठलं नाही. कसे उठतील? आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याची ही परंपरा आहे म्हणे. आधी तुकडीवार हजेरी, मग जेवण, शेवटी ही हाक.

परंपरा कुठून आली ते मला विचारा. पाचवीत नाव घालताना बाई आडनाव विचारायच्या आणि बाप काय करतो ते. तेवढ्यावर तुकडी ठरायची. अ तुकडी दगडी इमारतीत, पंख्याखाली. फ तुकडी मागे, पत्र्याखाली. उन्हाळ्यात डोकी भाजायची. स्नेहसंमेलनात अ तुकडीने नाटक करायचं, आम्ही सतरंज्या घालायच्या आणि उचलायच्या. सर स्टेजवरून ओरडायचे, "फ तुकडी, सतरंज्या!" आम्ही धावत जायचो. हसत धावत जायचो, ते आज जास्त लागतं.

नववीत मार्क पडले म्हणून मला अ तुकडीत नेऊन बसवलं. वंदना पत्र्याखालीच राहिली. वस्तीत आमची घरं भिंतीला भिंत लागून.

अमेरिकेत आल्यापासून मी हजेरीला अ तुकडीत उभा राहतो. खोटं कुठे आहे? नववी-दहावी होतोच की तिथे! असं स्वतःला समजावत आलो. मेळाव्याला फ तुकडीचं कुणी नसायचंच. हाक नुसती हसण्यापुरती. खुर्च्या हॉलवाले उचलायचे.

यंदा वंदना नवऱ्याच्या नोकरीपायी एडिसनशेजारच्या पिस्कॅटवेला आली. मेळाव्याला तिला मीच नेलं. "चल, आपली माणसं भेटतील," म्हणालो. ठेवणीतली मोरपंखी साडी नेसून आली बिचारी. हजेरीला "फ तुकडी" म्हटल्यावर खणखणीत "हजर" म्हणाली. त्या हाकेबद्दल मी तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी कुठल्या तुकडीत उभा राहतो तेही सांगावं लागलं असतं.

"वा वंदना! प्रॅक्टिस अजून आहे हं!" प्रसाद माइकवर म्हणाला. पुन्हा हशा. आता तिला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी वाटीतल्या गुलाबजामकडे बघितलं.

हातातली खुर्ची तिने भिंतीला टेकवली, पर्स घेतली आणि बाहेर पडली. मी मागे गेलो. तिला गाडीने घरी सोडायला निघालो. घर आल्यावर म्हणाली, "तू पण फ मधलाच ना रे?"

"सॉरी, वंदना. मी उठायला हवं होतं."

"उठण्याचं सोड. तू हसलास."

दार लावून ती गेली. लाज वाटली. स्टिअरिंग धरलेल्या हातांचीसुद्धा लाज वाटली. आई त्या सतरंज्यांची धूळ माझ्या डोक्यातून धुऊन काढायची, ते आठवलं. गाडी वळवली.

हॉलमध्ये अ तुकडीचे फोटो चालले होते.

"काय रे, काही विसरलास का?" प्रसादने विचारलं.

"मी फ तुकडीतला. पत्र्याचा वर्ग. यापुढे हजेरीला माझं नाव तिथे घे."

"कम ऑन यार, जोक असतो तो. ट्रॅडिशन आहे आपली."

वंदनाने मिटलेली एक खुर्ची मी उघडली, हॉलच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसलो. "मी उठलो की ही तू उचलायचीस," म्हणालो.

आता कुणी हसलं नाही. प्रसादने हॉलच्या माणसाला हाक मारली.

"तो नाही. तू."

मी उठलो. त्याने उचलली नाही. सगळे पांगले तेव्हाही खुर्ची तिथेच होती.

वंदना माझा फोन घेत नाही. बरोबर आहे तिचं. तिने माफ करावं म्हणून मी परत गेलो नव्हतो. माझं हसू तिच्या कानात राहणार आणि माझ्याही. पुढच्या मेळाव्याला मी जाणार. फ तुकडीत एकटा उभा राहून "हजर" म्हणणार. आणि जेवणं उरकली, प्रसादने माइक हातात घेतला, की त्याच्यासमोर जाऊन उभा राहणार. ती हाक मी पुन्हा होऊ देणार नाही.