माळवदात दडवलेलं चर्च

मराठवाड्याच्या ख्रिस्ती वस्त्यांत वाढलेल्या माझ्या भावाबहिणींनो, आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला आणि त्यातून आपल्यालाच वगळलं! पाद्रीसाहेबांची चरित्रं जाडजूड. ज्यांनी चर्चसाठी लाकूड वाहिलं, त्यांच्यावर एक ओळ नाही. नेकनूरच्या पुढच्या एका वस्तीत मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, लाकडी चर्च होतं, असं आई सांगायची. ग्रंथालयं पालथी घातली, हाती काही लागलं नाही. शेवटी पिशवी उचलली आणि निघालो.

बीडहून नेकनूरला एसटी सहज मिळते. पुढे काळी-पिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही. स्टँडवरच भजी खाऊन घ्या, पुढे हॉटेल नाही. रस्ता खड्ड्यांचा, तूर काढलेली ओसाड रानं आणि वस्तीत निम्म्या घरांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलेली.

एका उघड्या घराच्या, राहेलमावशींच्या, दारात टेकलो आणि चर्चची जागा विचारली. त्या हसल्या. "देवळाच्या दारातच बसलाव की तुमी!"

वर पाहिलं. सागाची रुंद चौकट. इतरांच्या घरी गणेशपट्टी असते, तिथे क्रूस कोरलेला.

मावशींनी वाडवडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. जहागीरदाराच्या माणसांनी तबेल्यासाठी चर्चचं लाकूड मागितलं. दुसऱ्या दिवशी गाड्या येणार होत्या. वस्तीनं दिवस मावळायच्या आत चर्च उतरवलं. एकेका घरानं एकेक तुळई आपल्या माळवदात घातली, वर माती चोपली; दाराची चौकट या घराला बसवली. दुसऱ्याचं छत कोण उकरणार? पुढे नाताळात गाणारे घरोघर जात, तुळईला हात लावून एकेक कडवं म्हणत. सगळी घरं झाली की उपासना पुरी.

माझं रक्त उसळलं. "मग तुळया गोळा करू! पुन्हा उभं करू! सांगू जगाला की..."

"भाऊ, सभा हाय का ही?" मावशींचा भाचा शांतवन आतून म्हणाला. "काय जोडताव? कापल्यात त्या."

घरं लहान, तुळया लांब. भिंतीत बसाव्यात म्हणून करवत लावली होती.

"वाचवायलाच कापल्या," मावशी पुटपुटल्या.

त्या तुकड्यांचंही आता काही उरलेलं नाही. घरोघर स्लॅब पडले, तुळया जुनं लाकूड घेणाऱ्यांच्या टेम्पोत गेल्या. यंदा नाताळात गाणाऱ्यांना हात लावायला हे एकच दार होतं. सोमवारी तेही जाणार. शांतवनला घरकुल मंजूर झालंय, जुनं घर पाडायचंय.

"ही चौकट विकायची नाही!" मी ओरडलो.

"आन् पावसात भगुनी मांडायला तुमी येताव का?" तो म्हणाला. "आत्या, सांग की यांना, कुठं कुठं गळतंय. मी काय देवळाचा दुश्मन हाय?"

आयुष्यभर व्यासपीठावरून बोललो; इथे मान वर करून छतावरचे ओलाव्याचे डाग मोजले.

मावशींनी भाकरी आणि येसर आमटी पुढे ठेवली. "लेकरा, बोलतूस लई चांगलं. चौकट ठिवायला जागा हाय का तुझ्याकडं?"

माझी बीडमधली भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. ते सांगून टाकलं.

मग त्याच म्हणाल्या, "आपल्या कबरस्तानाला फाटक न्हाई. गुरं शिरत्यात. तिथं उभी करा."

"उचलणार कोण?" शांतवन म्हणाला. "समदे कारखान्यावर. रविवारी माणसं आणा, मी सोताच काढून देतो. न्हाईतर सोमवारी टेम्पो येतुय."

घरी आलोय, पण हाताला त्या क्रुसाचा खरबरीतपणा अजून जाणवतो. ते चर्च आता कुणीही उभं करू शकणार नाही, मीही नाही. जाताना आशेनं गेलो होतो, येताना एवढंच घेऊन आलो. पण आपल्या मेलेल्या माणसांच्या तरी दाराशी ते दार असावं.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: या रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं नेकनूर स्टँडवर या. सोबत दोर आणा. मी भाषण करणार नाही. चौकट जड आहे, तिला खांदा द्या.