एक्केचाळीस नंबरची हजेरी

पेपरात जे छापून येत नाही ते रिपोर्टरच्या पोटात राहतं आणि वय झालं की चहाच्या टेबलावर बाहेर पडतं. माझ्याकडे नेरूळच्या एका मैदानाचंच एवढं साठलंय, की मी हसत सुरुवात करतो आणि शेवटी कुणी चहा पीत नाही.

*

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दोन कॉलेजांनी करार केला. एकाकडे मैदान होतं, दुसऱ्याकडे पोरं. विद्यार्थ्यांनी रोज सकाळी धावायचं, एका खासगी हॉस्पिटलने त्यांना तपासायचं. उद्घाटनाला प्राचार्य फिटनेसवर पाऊण तास बोलले आणि स्टेजपासून चाळीस पावलांवरच्या ऑफिसात गाडीने गेले.

*

मैदान शिरवणे गावाच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, भरावावर. थंडीत सकाळी असं धुकं की गोलपोस्ट दिसायचा नाही. म्हणून क्रीडाशिक्षक दळवी सरांनी पद्धत काढली. राउंड पुरा झाला की शेडपुढून जाताना प्रत्येकाने आपला नंबर ओरडायचा. सर खुर्चीत बसून टिक करणार.

मी एकदा मोजलं. शेडपुढून गेले अकरा, नंबर आले तेहतीस.

"सर, एकेक पोरगं तीन-तीन नंबर ओरडतंय."

"साहेब, रिपोर्ट वर जातो. वरच्यांना आकडा लागतो, पाय नाही."

*

एक्केचाळीस नंबर म्हणजे संतोष जाधव. वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. एके सकाळी पोरगं छातीत दुखतंय म्हणालं. दळवी सर म्हणाले, "नाटकं नकोत. अजून एक राउंड."

तो राउंड पुरा झाला नाही. हॉस्पिटलचा डॉक्टर मैदानावर कधी फिरकलाच नव्हता, पण संतोषच्या फॉर्मवर 'फिट' असा शिक्का होता. मी दोन कॉलम लिहिले. संपादकांनी चार ओळी ठेवल्या. उरलेल्या जागेत त्याच हॉस्पिटलची जाहिरात आली.

*

कॉलेजने वडिलांना पत्र दिलं: त्या दिवशी संतोष मैदानावर गैरहजर होता. मी भांडून रजिस्टर पाहिलं. मेला त्या दिवशी गैरहजर. पुढचा सगळा महिना हजर.

"मेलेल्या पोराची प्रॉक्सी घेता?" मी दळवींना धरलं.

"नंबर ऐकू आला, मी टिक केली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

पोरांना एकेक करून विचारलं. कुणी कबूल होईना. एक मुलगी तेवढी बोलली. "सर, त्याचा नंबर आमी घेतच नाही. तो आमच्या मागून येतो."

*

जाधवांची मागणी एकच होती. पोरगं मैदानावर गेलं, एवढं लिहून द्या. एका सकाळी मीच त्यांना घेऊन गेलो. दळवींनी सगळ्या पोरांना शेडमध्ये उभं केलं. "प्रॉक्सी कोण देतं ते आज कळेलच," म्हणाले. समोर रिकामं मैदान, नुसतं धुकं.

"एक्केचाळीस."

शेडच्या अगदी पुढून, धापा टाकत. पोरांची तोंडं मिटलेली होती, मी स्वतः पाहिली.

दळवींनी रजिस्टरची पानं मागे उलटली. त्या दिवसाचं 'गैरहजर' खोडलं, 'हजर' लिहिलं, खाली सही केली आणि रजिस्टर जाधवांपुढे धरलं. जाधवांनी सहीवर बोट ठेवलं, पण बघत होते धुक्याकडे.

"एक्केचाळीस."

"लय दमलाय ओ त्यो," जाधव म्हणाले. "सर, आता त्याला थांबाय सांगा. तुमचंच ऐकतो."